पावसाळ्यात संगणक पुन्हा पुन्हा बंद पडतोय? फॉर्मॅट मारण्याआधी हार्डवेअर असं तपासा

जून लागला की गोव्यात संगणकाच्या तक्रारी वाढतात. चालता चालता संगणक बंद पडतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. कधी पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच राहते. दुकानात नेला की विंडोज नव्याने टाकून मिळतं, तिथे तो झकास चालतो, घरी आणल्यावर चार दिवस बरा असतो आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

मी डिचोली, साखळी, पेडणे या भागांत घरोघरी जाऊन संगणक दुरुस्त करतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की ‘दुकानात चालतो, घरी चालत नाही’ ही निव्वळ तक्रार नाही, निदानाचा अर्धा भाग त्यातच आहे. दुकानात काय वेगळं असतं? तिथली वीज वेगळी, हवा कोरडी, आणि उघडझाप करताना रॅम (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची पट्टी) काढून परत बसवलेली असते. विंडोजचा या तिन्हींशी काही संबंध नाही. म्हणून फॉर्मॅट हा शेवटचा उपाय ठेवा आणि तपासणी घरातल्या विजेपासून आणि दमट हवेपासून सुरू करा.

एक गोष्ट मात्र सगळ्याच्या आधी. हार्ड डिस्कमधून टक्-टक् किंवा खरखर आवाज येत असेल, फायली उघडायला मिनिटं लागत असतील, तर पुढचं काहीही करू नका. आधी फोटो, कागदपत्रं, मुलांचा अभ्यास बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. मरायला टेकलेल्या डिस्कवर चाचण्या चालवल्या तर आहे तेही जातं.

आधी नोंद, मग पेचकस

संगणकाशेजारी एक वही ठेवा. बंद पडला की वेळ लिहा, आणि तेव्हा काय चाललं होतं तेही: पाऊस होता का, दिवा लुकलुकला का, विहिरीचा पंप किंवा फ्रिज सुरू झाला का, नुसतं टायपिंग चालू होतं की मुलगा गेम खेळत होता. आठवडाभराच्या नोंदीतून जे कळतं ते कुठल्याही सॉफ्टवेअरमधून कळत नाही.

विंडोजही स्वतःची वही ठेवतं. स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ टाइप केलंत की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ येतं. त्यात कोणत्या दिवशी काय कोसळलं ते तारखेनिशी लाल फुल्यांनी दिसतं. त्याहून खोल जायचं तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मधलं ‘सिस्टिम’ निवडा आणि ‘कर्नल-पॉवर’ ४१ क्रमांकाची नोंद शोधा. ही नोंद एवढंच सांगते की संगणक नीट शटडाउन न होता बंद पडला. अनेक जण ती पाहून लगेच एसएमपीएस (कॅबिनेटमधला, संगणकाला वीज पुरवणारा डबा) बदलतात. तसं करू नका. त्याच नोंदीचा ‘डिटेल्स’ टॅब उघडून ‘बगचेककोड’पुढचा आकडा बघा. तिथे ० असेल तर विंडोजला काही लिहायची उसंतच मिळाली नाही, म्हणजे वीज तुटली किंवा यंत्र जागीच गोठलं. दुसरा काही आकडा असेल तर विंडोज कोसळल्याची निळी स्क्रीन येऊन गेली आहे. तिथे संशय रॅम, ड्रायव्हर आणि डिस्क यांच्याकडे वळतो. ‘व्हिया-लॉगर’ (WHEA-Logger) नावाच्या नोंदी दिसल्या तर खुद्द प्रोसेसर किंवा मदरबोर्डने हार्डवेअरची चूक कळवली आहे असं समजा.

‘डिस्क’ या नावाखाली ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी दिसल्या तर बाकी सगळं सोडून खाली डिस्कबद्दल लिहिलंय तिकडे जा.

वीज: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

पावसाळ्यात आपल्याकडे तारांवर फांद्या पडतात, दिवा क्षणभर जातो आणि येतो. पंख्याला ते कळतही नाही. संगणकाला कळतं. एसएमपीएसच्या आत मोठा कपॅसिटर असतो, त्यातल्या साठ्यावर तो वीज तुटल्यावरही थोडा वेळ तग धरतो. हा वेळ एटीएक्स या एसएमपीएसच्या मानकाप्रमाणे सुमारे १६-१७ मिलिसेकंद असावा लागतो, म्हणजे ५० हर्ट्झच्या एका आवर्तनापेक्षाही कमी. जुन्या, स्वस्तातल्या एसएमपीएसमध्ये तेवढाही मिळेल याची खात्री नाही.

आता घरच्या इन्व्हर्टरकडे बघा. साखळीतल्या एका निवृत्त मास्तरांकडे हीच अडचण होती. लाईट लुकलुकली की संगणक रीस्टार्ट. घरात इन्व्हर्टर असल्यामुळे विजेवर संशय घ्यायला ते तयारच नव्हते, आणि त्यांचं म्हणणं वरवर पाहता पटण्यासारखं होतं, कारण टीव्ही कधी बंद पडला नव्हता. इन्व्हर्टरच्या मागे बोटाच्या पेराएवढी एक सरकती कळ होती, एका बाजूला ‘नॉर्मल’, दुसऱ्या बाजूला ‘यूपीएस’. कळ ‘नॉर्मल’वर.

“मास्तर, आता मेन स्विच पाडा.”

“पाडतो रे, पण ते माझं लिखाण सेव्ह केलंस ना?”

केलं होतं. त्यांनी स्विच पाडला, वरचा पंखा फिरतच राहिला आणि संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला. कळ ‘यूपीएस’वर सरकवली, विंडोज पूर्ण उघडू दिलं, मास्तरांनी पुन्हा स्विच पाडला. या वेळी स्क्रीन हललीसुद्धा नाही.

कारण सरळ आहे. ‘नॉर्मल’वर असताना बऱ्याच इन्व्हर्टरना मेनवरून बॅटरीवर यायला २५ ते ४० मिलिसेकंद लागतात, ‘यूपीएस’वर तेच काम १० मिलिसेकंदांच्या आसपास होतं. पहिला वेळ एसएमपीएसच्या तग धरण्याच्या वेळेपेक्षा मोठा, दुसरा लहान. याला दुसरी बाजूही आहे. ‘यूपीएस’वर इन्व्हर्टर व्होल्टेजबाबत चोखंदळ होतो, व्होल्टेज साधारण १८० च्या खाली उतरलं की तो बॅटरीवर जातो. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज फार पडत असेल तर बॅटरी वारंवार वापरली जाईल आणि लवकर म्हातारी होईल. तिथे संगणकापुरता वेगळा यूपीएस घेणं मला जास्त योग्य वाटतं.

यूपीएस आधीच असेल तर त्याची बॅटरी तपासा. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. दिवा हिरवा असतो, पण वीज गेली की यूपीएस एक ‘पीं’ करून संगणकासकट झोपतो. फायली सेव्ह करून यूपीएसचा प्लग काढा आणि घड्याळ लावा. पाच मिनिटंसुद्धा निघत नसतील तर बॅटरी बदला, अख्खा यूपीएस टाकू नका. त्यावर लेझर प्रिंटर मात्र कधी जोडू नका. तो तापताना जो झटका घेतो तो ६०० व्हीएच्या यूपीएसला झेपत नाही.

एसएमपीएसच्या लेबलवर इनपुट व्होल्टेज लिहिलेलं असतं, तेही वाचा. १००-२४० असेल तर कमी व्होल्टेजची फारशी काळजी नाही. २००-२४० असेल आणि तुमच्याकडे संध्याकाळी १८० येत असेल तर ‘संध्याकाळीच का बंद पडतो’ या प्रश्नाचं उत्तर त्या लेबलवरच आहे.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात का? ‘थोडासा करंट येतो, सवय झाली’ असं लोक सहज म्हणतात, आणि मला त्याची फार धास्ती वाटते. अर्थिंग तुटलेलं असलं की एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे पत्र्यावर मेनच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज येतं. करंट अगदी थोडा असतो, तरी मॉनिटर, प्रिंटर, यूएसबीच्या वस्तू जोडताना-काढताना तो पोर्टमधून वाट काढतो आणि पोर्ट जातात. शिवाय खरोखरच आत कधी शॉर्ट झाला तर तुम्हाला वाचवायला अर्थिंग नाही. मल्टिमीटर हाताळायची सवय असेल तर तीन पिनांच्या सॉकेटमध्ये मोजा: फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. सवय नसेल तर सॉकेटमध्ये काही घालू नका, परवानाधारक वायरमनला बोलवा. आपल्या चिऱ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडतो. मार्च ते मे त्यात अधूनमधून पाणी घालत जा.

विजांच्या गडगडाटाबद्दल थोडक्यात. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये ढग गडगडू लागले की नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढा, आणि राउटरकडून येणारी लॅनची वायरही काढा. वीज कडाडून गेल्यावर बाकी संगणक धड पण लॅन पोर्ट मेलेला, असे संगणक दर वर्षी हाती येतात.

दमट हवा आणि खारा वारा

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. हवेतला ओलावा तेव्हा कित्येक दिवस ८५ टक्क्यांच्या वर राहतो. नुसता ओलावा संगणकाला मारत नाही. मारतं ते मीठ. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यातले मिठाचे कण धुळीबरोबर मदरबोर्डवर बसतात, आणि हवेतला ओलावा साधारण ७५ टक्क्यांपुढे गेला की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळतं. उन्हाळ्यात कोरडी, निरुपद्रवी दिसणारी धूळ पावसात बारीक खारट ओल बनते. ती वीज वाहते आणि तांबं खाते. मांद्रे, मोरजी, हरमलच्या घरांत हे जास्त दिसतं, पण वारा आतही येतो.

पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी, यामागे पावसाळ्यात मला सगळ्यात जास्त आढळलेलं कारण म्हणजे रॅमचे खराब झालेले संपर्क. मांद्र्यातल्या एका घरातली रॅमची पट्टी डोळ्यांसमोर आहे. दोन्ही टोकांचे खटके दाबून ती काढली आणि खिडकीपाशी उजेडात तिरपी धरली. सोनेरी दातांपैकी मधले सगळे लखलखीत, पण एका टोकाचे काही दात तपकिरी, आणि त्यांच्या मुळाशी हिरवट पूड. पट्टीच्या त्याच टोकाला बोट लावलं तर किंचित चिकट लागलं. कॅबिनेटचं ते टोक उघड्या खिडकीकडे होतं.

साफ करायची रीत अशी. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज जाईल, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातला स्थिर भार उतरवा. रॅम काढा. लिंट न सुटणाऱ्या कापडावर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दात एकाच दिशेने पुसा. मऊ पांढऱ्या खोडरबराने डाग चांगले निघतात हे खरं, पण सोन्याचा थर फार पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये अडकतो. म्हणून हलक्या हाताने, रॅम बोर्डपासून दूर धरून, आणि नंतर अल्कोहोलने पुन्हा पुसून. स्लॉटमध्ये ब्लोअरची हवा मारा. दहा मिनिटं वाळू द्या. बसवताना दोन्ही खटके ‘टक्’ करून बसले पाहिजेत. तेच ग्राफिक्स कार्ड वेगळं असेल तर त्यालाही लागू.

गंज सुटायचे स्प्रे बोर्डवर मारू नका, त्यांचा तेलकट थर धूळ धरतो. हेअर ड्रायरची गरम हवाही नको.

बरीच घरं वर्षातला मोठा काळ बंद असतात, माणसं मुंबईला किंवा परदेशात, आणि चवथीला सगळे आले की संगणक सुरू होत नाही. बंद पडून राहिलेला संगणक चालत्या संगणकापेक्षा लवकर खराब होतो, कारण चालू असताना आतली ऊब ओल धरू देत नाही. शेजारी कुणी विश्वासाचं असेल तर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवायला सांगा. ते जमत नसेल तर कॅबिनेट जमिनीवर आणि बाहेरच्या भिंतीला टेकून तरी ठेवू नका; चिऱ्याची भिंत पावसात ओल शोषते. प्लास्टिकने घट्ट गुंडाळू नका, आतला दमटपणा आतच राहतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवून सुती कापड घाला. बंद घरात परतल्यावर लगेच बटण दाबू नका. आधी झाकण काढून आत पाहा: मुंग्यांची वारुळं, पालीची अंडी, विष्ठा. एसएमपीएसमध्ये शिरलेल्या पालीमुळे झालेला शॉर्ट सगळंच घेऊन जातो.

तापमान

गेम खेळताना किंवा व्हिडिओ बनवतानाच बंद पडत असेल, नुसत्या टायपिंगला नाही, तर आधी इथे बघा. ‘एचडब्ल्यूइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर फक्त सेन्सर दाखवायच्या पर्यायावर चालवा. काही न करता प्रोसेसर ३५ ते ५० अंश असणं ठीक. बहुतेक इंटेल प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास आणि रायझन ९०-९५ ला स्वतःचा वेग कमी करतात; त्याहून वर गेले तर बंद होतात. ब्राउझर उघडताच ९० दिसत असेल तर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) पात्यांत लाल मातीची धूळ दाटली आहे किंवा प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडू झाली आहे. पंखा बोटाने धरून मग ब्लोअर मारा, नाहीतर तो वाऱ्याने भरधाव फिरून बेअरिंग जातं. पेस्ट तांदळाच्या दोन दाण्यांएवढी पुरते.

रॅमची चाचणी

संपर्क साफ करूनही निळी स्क्रीन येत असेल तर रॅम तपासा. विंडोजमधलं ‘मेमरी डायग्नोस्टिक’ चालतं, पण मी त्याच्या ‘सगळं ठीक’वर विसंबत नाही. ‘मेमटेस्ट८६’ किंवा खुल्या स्रोताचं ‘मेमटेस्ट८६ प्लस’ पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून संगणक सुरू करा आणि रात्रभर चालू द्या, अर्थात यूपीएसवर. सकाळी एकही लाल ओळ नको. दहा हजारांपैकी एखादी चूक चालते असं इथे नसतं. एक चूक म्हणजे नापास.

नापास झाली म्हणून लगेच नवी घेऊ नका. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यात) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग, चालू असेल तर बंद करून पुन्हा चाचणी घ्या. मग एकच पट्टी ठेवा, नंतर दुसरी, तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब. स्लॉटबरोबर राहिली तर स्लॉट किंवा बोर्ड. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत.

डिस्क

डिस्कची तब्येत दाखवणारं ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे सॉफ्टवेअर उघडा. निळा ‘गुड’ पाहून समाधान मानू नका, खालची यादी वाचा. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे माहिती साठवायचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे संशयित, वाचता न आलेले सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. हे तिन्ही शून्य हवेत. सी५ शून्यावरून वर जाऊन वाढत असेल तर त्याच दिवशी बॅकअप. सी७ मात्र वेगळा: तो वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून साटा केबलचा (डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या वायरचा) किंवा तिच्या गंजलेल्या टोकाचा असतो, आणि केबल बदलून भागतं. हा आकडा कधी मागे येत नाही, म्हणून केबल बदलल्यावर तो तिथेच थांबतो का एवढंच बघायचं. या यादीतले मूळ आकडे हेक्साडेसिमलमध्ये असतात, तिथे १० दिसले तर ते १६ असतात. सेटिंगमधून दशमान करून घ्या.

एनव्हीएमई एसएसडीत (मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या पट्टीसारख्या नव्या डिस्कमध्ये) ही यादी वेगळी दिसते. तिथे ‘पर्सेंटेज यूज्ड’ आणि ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ बघा. दुसरा शून्य हवा.

उरलेलं

तारीख आणि वेळ दर वेळी मागे जात असेल, आणि त्यामुळे बँकेची साइट सुरक्षिततेची चेतावणी देत असेल, तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी बदला. नवी ३ व्होल्टच्या थोडी वर दाखवते.

बोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले किंवा तपकिरी चिकट गळलेले दिसले तर घरी पुढे काही करायचं नाही. एसएमपीएस तर कधीच उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. त्याचा अंदाज बाहेरूनच घ्या. एचडब्ल्यूइन्फोत किंवा बायोसमध्ये १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ या मर्यादेत हवी. सेन्सर थोडे चुकतात, म्हणून मर्यादेबाहेरचा आकडा दिसला तर कनेक्टरवर मल्टिमीटरने खात्री करून घ्या, किंवा ओळखीच्यांकडचा चांगला एसएमपीएस लावून दोन दिवस चालवा. दुसरा उपाय जास्त भरवशाचा.

एवढं करूनही दुकानात न्यावा लागला तर वही बरोबर न्या. ‘बंद पडतो’ एवढंच सांगू नका. ‘पाऊस असताना, रात्री, बगचेककोड ०, इन्व्हर्टर यूपीएसवर आहे, रॅम रात्रभराच्या चाचणीत पास, सी५ शून्य’ असं सांगितलंत की समोरच्यालाही नेमकं काय तपासायचं ते कळतं. नेण्याआधी डिस्कचा बॅकअप घ्या, आणि ‘मला न विचारता फॉर्मॅट करू नका’ हे पावतीवर लिहून घ्या.